कधींच न उडालेलीं अवकाशयानें

श्रोतेहो, घरांतील एखादा मुलगा संगणकासमोर बसून स्वतःच्या कल्पनेंतील अवकाशयान रेखाटीत आहे, इंधनाच्या टाक्या किती व यंत्रें किती याचा हिशेब मांडीत आहे, हें दृश्य आतां आपल्यांपैकीं अनेकांच्या परिचयाचें झालें आहे. वडील मंडळींस हा निव्वळ कालापव्यय वाटतो. परंतु या छंदाची कुळकथा पुष्कळ जुनी व बरीच प्रतिष्ठित आहे, आणि तीच आज सांगावयाची आहे.

प्रारंभ फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांजपासून करणें सोयीचें. १८६५ सालच्या त्यांच्या कादंबरींत तीन प्रवासी ॲल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यांत बसतात, आणि फ्लॉरिडांतील ९०० फूट लांबीच्या तोफेंतून तो गोळा चंद्राकडे झाडला जातो. गोळ्याचा वेग व्हर्न यांनीं सेकंदास सुमारें ११ किलोमीटर धरला होता, व तो जवळजवळ बरोबर आहे. घोटाळा आहे तो तोफेच्या लांबींत. ९०० फुटांच्या अंतरांत एवढा वेग घ्यावयाचा तर प्रवाशांचें वजन वीस हजार पटींहूनही अधिक भरेल आणि तोफेच्या तोंडाशीं येण्यापूर्वींच त्यांचा चेंदामेंदा होईल.

तोफेच्या जागीं अग्निबाण आणला तो रशियांतील कालुगा गांवच्या एका शाळामास्तरानें. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांस लहानपणींच बहिरेपण आलेलें, पगार बेताचा. १९०३ सालीं त्यांनीं द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन यांवर चालणाऱ्या यानाची कल्पना मांडली, आणि तिच्यासोबत एक गणित दिलें. हें गणित समजल्यावांचून पुढची हकीकत कळावयाची नाहीं, म्हणून थोडा वेळ मास्तरकी करूं द्यावी. दिवाळींतला बाण मागें आग टाकतो व पुढें जातो. यानाचेंही तेंच. मागें फेंकलेल्या वायूचा वेग सेकंदास ३ किलोमीटर आहे असें धरूं. पृथ्वीभोंवतीं फिरत राहावयाचें तर, वाटेंतली तूट धरून, सुमारें ९.४ किलोमीटरांची बेगमी लागते. हिशेब केला तर निघतांना यान २३ टन असल्यास वर पोंचतो फक्त १ टन. बाकीचे २२ टन इंधनच. बरें, बेगमी दुप्पट हवी असेल तर इंधन दुप्पट घेऊन भागत नाहीं. मग एका टनासाठीं २३ गुणिलें २३, म्हणजे ५२९ टन घेऊन निघावें लागतें! काल्पनिक यान रेखाटणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीस हा गुणाकार बसलेला आहे.

त्यांच्यामागून आलेले हर्मन ओबर्थ हेही ट्रान्सिल्व्हानियांतील शाळामास्तरच. (हा योगायोग आमच्या व्यवसायास भूषणावह आहे, एवढें म्हणून पुढें जातों.) १९२९ सालीं फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकानें चंद्रप्रवासावर मूकपट काढला, तेव्हां त्यांतील यानासाठीं ओबर्थ यांचा सल्ला घेतला. पडद्यावरील यान अनेक टप्प्यांचें होतें. रिकामा झालेला टप्पा गळून पडे, म्हणजे त्याचें ओझें पुढें वाहावें लागत नसे. उड्डाणापूर्वीं उलट अंक मोजण्याची प्रथा याच चित्रपटानें लोकांच्या मनांत रुजविली. चंद्रावर उतरल्यानंतर मात्र पात्रें मोकळी हवा खुशाल घेऊं लागतात! तेथें गणित संपलें व कादंबरी सुरू झाली.

या इतिहासांतील मला सर्वांत प्रिय प्रकरण इंग्लंडांतील आहे. १९३३ सालीं लिव्हरपूल येथें ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापन झाली. सभासदांची प्रत्यक्ष अग्निबाण उडविण्याची हौस दांडगी. परंतु १८७५ सालचा स्फोटक पदार्थांचा कायदा आडवा आला. खासगी माणसांस असले प्रयोग करण्यास बंदी. जर्मनींतील हौशी मंडळी त्या काळीं बर्लिनजवळ खरे बाण उडवून चुकली होती. इंग्रजांच्या हातीं राहिला कागद व पेन्सिल. अशा वेळीं माणसें एक तर छंद सोडतात किंवा स्वप्नरंजनांत रमतात. या मंडळींनीं दोन्हीही केलें नाहीं. हॅरी रॉस, राल्फ स्मिथ आणि त्या वेळीं सरकारी हिशेबतपासनीस असलेले तरुण आर्थर क्लार्क यांच्यासारखे लोक कामधंदा संभाळून एकत्र जमत आणि चंद्रयानाच्या प्रत्येक भागाचें वजन मांडीत.

१९३९ सालीं त्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. यान सुमारें १,००० टनांचें, प्रवासी तीन. मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें रचलेल्या दोन हजारांहून अधिक लहान अग्निनळ्या. जी जळून संपली ती टाकून द्यावयाची. चंद्रावर उतरण्यासाठीं धक्का सोसणारे पाय. प्रवाशांस वजनाचा भास व्हावा म्हणून यान स्वतःभोंवतीं फिरत राहाणार होतें. परंतु फिरत्या यानांतून आकाशही गरगर फिरतांना दिसणार, मग दिशा कशी पाहावयाची? त्यासाठीं आरशांचें एक उपकरण त्यांनीं योजिलें, व तें खरोखरच बनवून दाखविलें. न उडणाऱ्या यानाचें एवढेंच काय तें हातांत धरतां येणारें अंग!

तीस वर्षांनीं, १९६९ सालीं, अपोलो चंद्रावर गेलें तेव्हां त्यांतही प्रवासी तीन होते व उतरणाऱ्या वाहनास पाय होते. तथापि त्यास नेणारा अग्निबाण सुमारें २,९०० टनांचा व द्रव इंधनाचा होता. म्हणजे इंग्रज मंडळींचा अंदाज वजनांत बराच कमी व इंधनाच्या निवडींत चुकलेला. तरी मी त्यांस व्हर्नपेक्षां वरच्या वर्गांत बसवीन, कारण त्यांचें उत्तर चुकलें तें कोठें हें त्यांच्याच आंकड्यांवरून दाखवितां येतें. याच संस्थेनें १९७३ ते १९७८ या काळांत बार्नार्डच्या ताऱ्याकडे जाणारें ‘डीडॅलस’ यान कल्पिलें. वजन सुमारें ५४,००० टन, त्यांपैकीं ५०,००० टन इंधन. प्रवास पन्नासएक वर्षांचा. एवढें करून यान तेथें थांबूं शकत नव्हतें, ताऱ्याजवळून नुसतें निघून जाणार होतें. थांबण्यासाठीं लागणारें इंधन वरच्या गुणाकारांत बसेना, म्हणून त्यांनीं तसें स्पष्ट सांगून टाकलें.

अपोलोच्याच वर्षीं अमेरिकेंतील लेक्सिंग्टन येथील जिम स्टोरर या शाळकरी मुलानें संगणकावर चंद्रावतरणाचा खेळ रचला. चित्र नाहीं, नुसते आंकडे. दर दहा सेकंदांस किती इंधन जाळावयाचें तें खेळणाऱ्यानें सांगावें. हा या छंदाचा दुसरा जन्म म्हणावयास हरकत नाहीं. कारण आतां कागदावरील यानाची परीक्षा घेणारें कोणी तरी मिळालें.

२००० सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मार्टिन श्वायगर यांनीं ‘ऑर्बिटर’ हा उड्डाणाभास विनामूल्य लोकांपुढें ठेविला. ग्रहांच्या गति त्यांत न्यूटनच्या नियमांनीं चालतात. लढाई, बक्षीस, गुण कांहीं नाहीं. त्यांतील ‘डेल्टा ग्लायडर’ हें पंखांचें यान सर्वस्वीं काल्पनिक असून त्याचें यंत्र आजच्या रासायनिक इंधनाच्या यंत्रांपेक्षां फारच काटकसरी मानलें आहे. हौशी लोक त्यांत आपापलीं यानें भरतात. आकृति सुंदर असून भागत नाहीं. वस्तुमान, यंत्राचा जोर, वायूचा वेग, वळण्यास होणारा जडत्वाचा विरोध हे सर्व आंकडे द्यावे लागतात. ते बेफिकिरीनें दिले तर देखणें यानही वळवूं जातां भलतेंच भिरभिरूं लागतें.

२०११ सालीं मेक्सिकोंतून निघालेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळानें हा छंद मुलांपर्यंत नेला. मुलांचीं यानें तेथें इतक्या लवकर वर कशीं जातात? तेथील कर्बिन ग्रहाची त्रिज्या केवळ ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या दशांशाहूनही कमी. गुरुत्व मात्र पृथ्वीइतकेंच. कक्षेंत जाण्यास ९.४ च्या ठिकाणीं सुमारें ३.४ किलोमीटर पुरतात, आणि २३ टनांचें काम तीन टनांवर भागतें. ही सवलत बुद्धिपुरस्सर दिलेली आहे, व पहिल्या इयत्तेस ती योग्यच आहे. पुढें हात बसलेले खेळाडू कर्बिनच्या जागीं खऱ्या मापाची पृथ्वी आणतात. त्या दिवशीं कालपर्यंत दिमाखानें उडणारीं त्यांचीं सारीं यानें समुद्रांत कोसळतात, आणि मुलें वही उघडून टाक्या पुन्हां मोजूं लागतात.