चेहऱ्याच्या तंत्रिकांची इजा व वेदनानियंत्रण

चेहऱ्याच्या हालचाली सातव्या मस्तिष्क तंत्रिकेमुळे (मज्जातंतूमुळे) होतात. वेदना मात्र पाचवी, म्हणजे त्रिमूल तंत्रिका वाहून नेते. हा भेद १८२० नंतरच्या दशकात स्पष्ट झाला. तोपर्यंत चेहऱ्याच्या शूलासाठी कधीकधी भलतीच तंत्रिका छेदली जाई. रक्तवाहिनीचा दाब, आघात वा दंतशल्यक्रिया यांमुळे त्रिमूल तंत्रिकेस इजा झाल्यास घास चावताना किंवा वाऱ्याची झुळूक लागली तरी असह्य कळ येऊ शकते.

सुश्रुतसंहितेतील ‘अनंतवात’ हा शिरोरोग काही अभ्यासक याच विकाराशी जोडतात. परंतु त्याच्या लक्षणांत हनुग्रह व नेत्ररोगही येत असल्याने ही ओळख निश्चित मानता येत नाही. शिरोरोगांत भुवया, कपाळ व शंखप्रदेश येथे डाग देण्यासही त्या ग्रंथात सांगितले आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण व आदिवासी भागांत दुखऱ्या जागी तापल्या सळईने डाग देण्याची किंवा बिब्बा घालण्याची प्रथा होती व काही ठिकाणी ती अजूनही आढळते.

यूरोपात निकोला आंद्रे (१७५६) व जॉन फॉदरगिल (१७७३) यांनी या शूलाचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तंत्रिकेचे मूळ वा तिची गुच्छिका छेदणाऱ्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. अनेकांना आराम पडला. परंतु काही रुग्णांचा चेहरा बधिर होऊनही त्याच बधिर भागात वेदना टिकून राहिली. वेदना म्हणजे तारेतून जाणारा निरोप, ही कल्पना येथे अपुरी ठरली.

रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मेरुरज्जूतच वेदनासंदेश अडविणारे ‘द्वार’ असते, असा सिद्धांत मांडला. मध्यमस्तिष्काच्या एका भागास विद्युत् उद्दीपन दिल्यावर घुशींवर भूल न देता उदराची शस्त्रक्रिया करता येते, हे १९६९ मध्ये डी. व्ही. रेनल्ड्झ यांनी दाखविले. जॉन ह्यूझ व हान्स कोस्टरलिट्झ यांना १९७५ मध्ये मेंदूतच अफूसारखी क्रिया करणारी एंकेफॅलिने सापडली. एका जागेची तीव्र वेदना दुसरीकडील वेदनासंदेश दाबते, हे १९७९ मध्ये फ्रान्समधील प्रयोगांत दिसले. डाग दिल्यावर वाटणाऱ्या तात्पुरत्या आरामाचा काही उलगडा त्यातून होतो; भाजल्याची जखम मात्र मागे राहते.

इजा जुनी झाली की हे नियंत्रण बदलते. मस्तिष्कस्तंभातून खाली येणारे मार्ग वेदना दाबतात, तसेच ती वाढवूही शकतात. प्राण्यांवरील प्रयोगांत, तंत्रिकेच्या इजेनंतर काही आठवड्यांनी हे वाढविणारे मार्गच वेदना टिकवून धरतात, असे आढळले आहे. म्हणून तंत्रिका-इजेच्या चिरकारी वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामकांचा उपयोग बहुधा थोडाच होतो आणि मूळची अवसादावरील ॲमिट्रिप्टिलीनसारखी औषधे अल्प मात्रेत दिली जातात. झटक्यांच्या शूलात मात्र १९६२ पासून वापरात आलेले कार्बामाझेपीन हेच प्रमुख औषध आहे.