नळदुर्ग जिल्ह्याची खानेसुमारी आणि लोकसंख्या-अभ्यासाच्या कार्यशाळा : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

लोकसंख्या-संशोधनावरील व्याख्याने व कार्यशाळा हा महाविद्यालयीन जीवनाचा परिचित भाग झाला आहे. अशा उपक्रमांत जन्मदर, मृत्युदर व स्थलांतर या संकल्पनांचा परिचय करून दिला जातो आणि जनगणनेचे तक्ते आधारभूत मानले जातात. परंतु ते तक्ते ज्या प्रदेशाचे आहेत त्याच्या सीमा कोणत्या होत्या आणि मोजणी वर्षातील कोणत्या काळात झाली, हे प्रश्न सहसा मागे पडतात. प्रस्तुत लेखात पूर्वीच्या नळदुर्ग जिल्ह्याच्या आधारे या दोन प्रश्नांचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लोकसंख्या-अभ्यासाची महाराष्ट्रातील परंपरा

१९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने लोकसंख्येच्या क्षेत्रीय अभ्यासाचा पाया घातला. वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांचा पुणे जिल्ह्यातील जनन व मर्त्यतेच्या पाहणीचा ग्रंथ १९५३ मध्ये, तर ना. वि. सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांचा नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांविषयीचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्ममृत्यूची नोंदणी अपुरी असल्याने प्रत्यक्ष कुटुंबांकडून माहिती मिळविणे अपरिहार्य होते. जुलै १९५६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या सहकार्याने मुंबईत लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांचे संयोजन याच संस्थेकडे आले.

या परंपरेची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. वरील दोन्ही पाहण्यांतील जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यातील होते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तो त्यांच्या कक्षेत आला नाही. त्यामुळे मराठवाड्याचा जुना लोकसंख्याविषयक इतिहास हैदराबाद संस्थानच्या खानेसुमारीच्या अहवालांतच शोधावा लागतो.

नळदुर्ग : नकाशावरून गेलेला जिल्हा

बोरी नदीकाठच्या किल्ल्यामुळे प्रसिद्ध असलेले नळदुर्ग आज तुळजापूर तालुक्यातील एक शहर आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र ते जिल्ह्याचे नाव होते. १८५३ च्या तहान्वये हा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला व कर्नल मेडोज टेलर यांच्याकडे त्याचा कारभार आला. जमिनीच्या मोजणीचे काम त्यांनी येथे हाती घेतले. १८६० मध्ये हा प्रदेश निजामाकडे परत आला. हैदराबाद संस्थानची पहिली खानेसुमारी १८८१ मध्ये झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नळदुर्गऐवजी धाराशिव हे मुख्य ठाणे झाले आणि जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले.

१८९१ ते १९०१ हे दशक येथे विशेष अभ्यसनीय ठरते. या काळात संस्थानची लोकसंख्या १ कोटी १५ लाख ३७ हजारांवरून १ कोटी ११ लाख ४१ हजारांवर आली, म्हणजे घट सुमारे साडेतीन टक्के होती. याच जिल्ह्याची लोकसंख्या मात्र सुमारे साडेसहा लाखांवरून सुमारे ५ लाख ३५ हजारांवर उतरली. ही घट एक षष्ठांशाहून अधिक आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ हे तिचे उघड कारण होय. तथापि, किती माणसे दगावली, किती गाव सोडून गेली आणि किती मुले जन्मासच आली नाहीत, हे एकूण आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वयोगटांचे तक्ते पाहून लहान मुलांचे प्रमाण तपासावे लागते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचे जन्मस्थानाचे तक्ते स्थलांतराचा अंदाज देऊ शकतात. दोन्ही गणनांतील गावांची संख्या जुळते की नाही, याचीही खातरजमा करावी लागते.

सीमाबदलाचा प्रश्न पुढेही कायम राहिला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे १९८१ च्या अविभक्त जिल्ह्याचा आकडा १९९१ च्या आकड्याशेजारी ठेवल्यास लोकसंख्या एकाएकी घटल्याचा भास होतो. २००१ मधील १४,८६,५८६ आणि २०११ मधील १६,५७,५७६ हे आकडे मात्र विभाजनोत्तर जिल्ह्याचे असल्याने त्यांतून साडेअकरा टक्क्यांची वाढ काढणे योग्य ठरते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. जुने तक्ते वाचणाऱ्यास म्हणूनच तीन नावे आणि बदलत्या सीमा ध्यानात ठेवाव्या लागतात.

मोजणीचा दिवस

दुसरा प्रश्न मोजणीच्या काळाचा आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या संपूर्ण काळात घरी नसलेली व्यक्ती मूळ गावी मोजली जात नाही. ती जेथे असेल तेथे मोजली जावी, असा नियम आहे. या जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात व हंगाम संपल्यावर परततात. म्हणजे गणना होते तेव्हा ही कुटुंबे कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर असतात. तेथे त्यांची नोंद सुटली, तर ती कोणत्याच गावच्या आकड्यात येत नाहीत. २०२१ ची लांबलेली जनगणना आता होणार असून तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला आहे. तोही गाळप हंगामाच्या आसपासच येतो. शाळा, शिधावाटप व आरोग्यसेवा यांचे नियोजन या आकड्यांवर होत असल्याने ही बाब केवळ सांख्यिकीय नाही.

समारोप

पुणे-मुंबईच्या संस्थांनी लोकसंख्या-अभ्यासाची पद्धती घडविली. परंतु ग्रामीण जिल्हा त्या पद्धतीस बहुधा माहिती पुरविणाराच राहिला. नळदुर्ग परिसरातील कार्यशाळेस हे चित्र पालटता येईल. हैदराबाद संस्थानच्या अहवालातील एक तक्ता, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंदवही आणि हंगामी स्थलांतरितांची गावनिहाय यादी यांचे एकत्र वाचन हा तिचा पहिला पाठ असावा. सूत्रांचा परिचय त्यानंतरही करून देता येतो. आकडा कोणत्या भूमीचा व कोणत्या ऋतूचा आहे हे ओळखता आले, तरच १९०१ मध्ये उणी पडलेली माणसे आणि आज कोपीवर असलेली माणसे अभ्यासकाच्या नजरेस येतील.