विष, गंज आणि आठवण

आजचा विषय वरवर शरीरशास्त्राचा दिसतो, पण तो इतिहासाचा आहे आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचाही आहे. मेंदूच्या पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं आणि त्या कोठाराला दार असतं. ते दार माणसाला सापडलं कसं? बघा, ते सापडलं एका कीटकनाशकामुळे.

1883 साली लंडनच्या सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय क्षारांच्या पाण्यात ठेवून पाहिलं. पाण्यात कॅल्शियम नसेल तर ठोके मंदावत आणि थांबत. कॅल्शियम म्हणजे हाडं आणि चुना, एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसरा धागा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या रायानिया नावाच्या झुडपाची पूड 1940 च्या दशकात मक्यावरच्या अळीसाठी वापरात आली. तिच्यातलं विष वेगळं काढलं, त्याला रायानोडिन म्हणतात. पुढे 1980 च्या दशकात संशोधकांनी हेच विष गळासारखं वापरलं. ते ज्या प्रथिनाला चिकटलं, तेच हे दार! ते स्नायूत आहे, हृदयात आहे, मेंदूतही आहे. आणि नाव विषाचंच राहिलं : रायानोडिन ग्राहक.

आता ऑक्सिडीकरण. लोखंड गंजतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, तसाच हा प्रकार. या दाराच्या प्रथिनात सिस्टीन नावाचे गंधकयुक्त घटक पुष्कळ आहेत, आणि ऑक्सिडीकरण नेमकं त्यांना गाठतं. चिलीच्या सेसिलिया हिदाल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं, की या गंधकाची अवस्था बदलली की दाराचा स्वभाव बदलतो. एरवी जे दार कॅल्शियमच्या इशाऱ्याला जेमतेम उघडतं, ते ऑक्सिडीकरणानंतर सहज उघडतं. मग ऑक्सिडीकरण वाईटच म्हणायचं का? तसं नाही. थोडं असेल तर शिकण्याला आणि आठवण पक्की होण्याला ते मदत करतं, असं प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात. फार झालं की कोठार गळू लागतं आणि पेशी थकते. म्हातारपणी हेच घडताना दिसतं.

आता आपल्या शिवाराकडे या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डायअमाइड गटातली कीटकनाशकं बाजारात आली. ती अळीचं हेच दार उघडं ठेवतात. अळीचे स्नायू आखडतात, तिचं खाणं बंद होतं. अळीचं दार आणि माणसाचं दार यांत थोडा फरक आहे, म्हणून आपण वाचतो.

पण सगळीच विषं अशी निवड करत नाहीत. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा वापरात असलेल्या औषधांत प्रोफेनोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेटही होतं. त्याचा मार्ग वेगळा. ॲसिटिलकोलिन हा मज्जातंतूंचा निरोप्या. काम झालं की त्याला मोडणारं एक विकर असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या विकरालाच बांधून टाकतं. निरोप थांबतच नाही : लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. तीव्र विषबाधेत झटके आले, तर मेंदूच्या पेशींत कॅल्शियम वाढतं आणि ऑक्सिडीकरणही. म्हणजे वाट निराळी, पण गाव तेच.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो : कारण कशाला म्हणायचं? रेणू हे कारण खरंच. पण डोक्याच्या वर गेलेली कपाशी, अंगाला चिकटलेला ओला सदरा, हातमोजे आणि मास्क न मिळालेला रोजंदारीचा मजूर, हीसुद्धा कारणंच. मात्रेनं विष ठरतं, असं पॅरासेल्सस सोळाव्या शतकात सांगून गेला. मात्रा प्रयोगशाळेत मोजून देता येते. शेतात ती पाठीवरचा पंप, वारा आणि मजुरी ठरवतात. तेव्हा मेंदूतल्या दाराचा अभ्यास करणाऱ्यांनी फवारणाऱ्याच्या अंगातला सदराही अभ्यासात धरला पाहिजे.