घडीची सायकल : सामान कसे न्यावे?

घडीच्या सायकलीवरून कामावर जाणाऱ्यांना सामानाचा विचार दोनदा करावा लागतो : सायकल चालविताना आणि ती घडी करून रेल्वेत नेताना. अँड्र्यू रिची यांनी १९७०च्या दशकात लंडनमध्ये तयार केलेली ब्रॉम्प्टन सायकल हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

पाठीवरची सॅक सर्वांत सोपी. घडी घालताना ती उतरवावी लागत नाही. मात्र पाठीला घाम येतो आणि खांद्यांवर ताण पडतो. मागील कॅरिअरवर हा भार अंगावर राहत नाही. परंतु चाके अवघी १६ इंचांची असल्याने बाजूला लोंबणाऱ्या पिशव्या टाचांना लागतात. शिवाय मागचे चाक घडीत सांगाड्याखाली जाते, म्हणून सामान आधी काढावे लागते.

ब्रॉम्प्टनची पुढील पिशवी हँडलला नव्हे, तर सांगाड्यावरील ठोकळ्याला अडकते. त्यामुळे हँडल वळले तरी पिशवी वळत नाही. तथापि, स्थानकात एका हातात दहा-बारा किलोंची सायकल व दुसऱ्या हातात पिशवी असल्यास जिन्याचा कठडा धरता येत नाही. अशा वेळी खांद्यावर अडकविण्याचा पट्टा अत्यावश्यक ठरतो. पिशवी घेण्यापूर्वी रोजच्या वाटेवरील जिने विचारात घेणे श्रेयस्कर.