तारांखालची तार

वाकडच्या घरी माळा आवरताना भाईजानची बेस गिटार हाती लागली. भाईजान पिंपरीच्या एका कारखान्यात होते. गणपतीच्या दिवसांत पाळी बदलून घेत आणि ऑर्केस्ट्रात बेस वाजवत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पुतण्यानं नव्या तारा चढवल्या, अँपला जोडली, तर आवाजच नाही. जॅक तपासला, डाग दिलेले सांधे पाहिले. मल्टिमीटर पिकअपला लावला, तेव्हा काटा जागचा हलला नाही. आतलं वेटोळं तुटलेलं होतं.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅराडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणून मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार इथं लावली, तर जवळजवळ मुकीच राहील. तिचा जीव जवारीत असतो, चुंबकात नव्हे.

पूर्वी बेस म्हणजे माणसाएवढा डबल बेस. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याकडच्या वादकांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. पण मोठ्या वाद्यमेळात त्याचा आवाज बुडायचा. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच विजेवरचा बेस केला होता, तो फारसा चालला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी पडदे असलेला, गळ्यात अडकवायचा बेस बाजारात आणला. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. पुढे आपल्याकडेही राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार आली. भाईजान कॅसेट मागे-पुढे करून असले तुकडे कानानं उचलायचे. भाभी वैतागायच्या.

त्या पहिल्या बेसमध्ये एकच वेटोळं होतं आणि खोड अशी, की आजूबाजूच्या विजेची घरघरही ते उचलायचं. मांडवातल्या ट्यूबलाइटी आणि लोंबत्या वायरी आठवा. फेंडर यांनी १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे केले, एकेकावर दोन-दोन तारा. दोन्ही वेटोळी आणि त्यांची चुंबकं एकमेकांच्या उलट. घरघर परस्परांत विरते, सूर मात्र टिकतो. भाईजानच्या गिटारीतला पिकअप याच घडणीचा. दोन्ही वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात, म्हणून एक तुटलं आणि सगळंच गप्प झालं.

पुतण्याला सिरॅमिक चुंबकांचा दणदणीत पिकअप हवा होता. ‘‘चाचा, तुम्ही ऐकून तर बघा!’’ मी ऐकला. टणक, धारदार आवाज. वाईट नव्हता, पण जोर तर अँपमध्येही असतोच. मला ॲल्निको चुंबकांचा हवा होता. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा. त्याचा आवाज मला थोडा गोलसर वाटतो.

नवा घेण्याआधी आम्ही भोसरीला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. म्हटलं, एवढे पंप भरतात, हेही भरतील. कारागिरानं तार चिमटीत धरली आणि हसला. जाडी जेमतेम ०.०६ मिलिमीटर, केसासारखी. ‘‘साहेब, माझं मशीन हिला पहिल्याच वेढ्याला तोडेल.’’ त्यानं पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

शेवटी दोन तुकड्यांचा ॲल्निको घेतला. आधी खाच मोजली, स्क्रूची भोकं जुळवली, कारण भाईजानच्या लाकडाला नवं भोक पाडायला मी तयार नव्हतो. पुतण्यानं डाग दिले. त्यानं सर्वांत जाड तार छेडली आणि खिडकीची काच हलकी थरथरली. घरघर नव्हती.

‘‘अब्बांचा असाच होता का?’’ त्यानं विचारलं.

मी तेव्हा मांडवात मागच्या खुर्चीवर असायचो, तिथं बेस कानाआधी छातीत पोचायचा. ‘‘बराचसा,’’ म्हणालो. जुना पिकअप कॅसेटच्या रिकाम्या डबीत घातला. बारीक तार भरणारा कुणी भेटला, तर बघू.