कोकणातील बेने इस्राएल व त्यांचे पंचांग

महोत्सवाच्या या पुस्तिकेत यहुदी सणांवर लेख कशासाठी, असे कोणी वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या पंचांगाप्रमाणे आपल्या प्रभूने वल्हांडण पाळला, त्याचेच सण अलिबाग-पेणकडील मराठी बोलणाऱ्या एका लहानशा समाजाने शतकानुशतके जतन केले. ते कसे, हे जाणणे आपणांस उपयोगाचे आहे.

प्रथम पंचांगाची रीत पाहू. यहुदी महिना चंद्रावर चालतो व २९ किंवा ३० दिवसांचा असतो. दिवस सूर्यास्तास लागतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारी सायंकाळी सुरू होतो. बारा महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षाहून सुमारे अकरा कमी. ही तूट तशीच राहिली तर सण ऋतू सोडून भटकतील. आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तर वल्हांडण वसंतातच आला पाहिजे. म्हणून १९ वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा धरितात. आपल्या हिंदू बांधवांचा अधिक मास याच गरजेतून निघाला.

कोकणात आलेल्या बेने इस्राएल लोकांजवळ पुढे धर्मग्रंथ उरले नाहीत. इब्री भाषाही लोपली. ते तेल गाळीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. इब्री नावे गेली तरी सण उरले, व त्यांस मराठी नावे मिळाली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्याच तिश्री महिन्यात खिरीचा सण. दहाव्या तिथीस दारे लावून उपवास करावयाचा तो दारफाळणीचा सण. दुसरे दिवशी शिळा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल अव महिन्यात जो शोक करितात, तो बिरड्याचा सण. पुरीम अदारच्या पौर्णिमेच्या सुमारास येई. त्यास शेजाऱ्यांचेच नाव देऊन होळीचा सण म्हणत. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली छापून निघालेल्या इतिहासात ही नावे आढळतात. या समाजाचे मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ साली सामुएल एझिकिएल दिवेकर यांनी बांधिले. तोवर धर्म तगला तो घरात, चुलीपाशी.

या चंद्राशी आपलाही संबंध आहे. ३२५ सालच्या निकिया येथील धर्मपरिषदेने पुनरुत्थानाचा सण यहुदी गणनेपासून वेगळा केला. तरी २१ मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील रविवार, हा नियम चंद्रावरच उभा आहे. दोन्ही गणना कधी महिनाभर दूर पडतात. २०२४ साली आपला सण ३१ मार्चला झाला, तर यहुदी वल्हांडण २२ एप्रिलच्या सायंकाळी लागला. त्या वर्षी त्यांचा अधिक अदार होता.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलात गेली. ठाण्याचे १८७९ सालचे सभास्थान मात्र अद्याप उभे आहे.

आमच्या एव्हरशाईन सिटीत गावोगावची कुटुंबे सदनिकांत येऊन राहिली आहेत. गावचे मंदिर दूर राहिले. गावची आजीही जवळ नाही. भिंतीवर दिनदर्शिका टांगली म्हणजे सण राहिले, असे मात्र नव्हे. ग्रंथ नसताना बिरड्याने व खिरीने एका समाजाचा धर्म राखिला. आपणांजवळ तर ग्रंथ, मंदिर व धर्मगुरू तिन्ही आहेत. तेव्हा उपवासकाळ कशाचा व पुनरुत्थानाच्या दिवशी घरी काय शिजावे, हे मुलांस आईबापांनीच सांगितले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.