चीनच्या रणभूमीवरील सोलापूरकर डॉक्टर

सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव चीनमध्ये आजही आदराने घेतले जाते. अवघ्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यातील अखेरची चार वर्षे त्यांनी परक्या देशातील जखमी सैनिकांच्या सेवेत घालविली.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये जनतेला मदतीचे आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसू व डॉ. देबेश मुखर्जी यांच्यासह नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. कोटणीस हे दोन महाराष्ट्रीय त्यात होते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण घेतलेले कोटणीस तेव्हा उच्च शिक्षणाची तयारी करीत होते.

सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनान येथे पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीवर गेले. दरम्यान सोलापुरात वडिलांचे निधन झाले. परंतु त्यांनी चीन सोडला नाही. १९४० मधील ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. पथकातील अन्य सहकारी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस मात्र परतले नाहीत.

कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने निधन झाले होते. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. औषधांचा तुटवडा होता, शत्रूचे हल्लेही होत. अशा स्थितीत उपचारांबरोबरच स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्याचे कार्यही त्यांनी केले. चिनी भाषा ते अस्खलित बोलू लागले होते.

१९४१ मध्ये त्यांनी परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन, म्हणून त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. अपस्माराचे झटके वाढत असतानाही त्यांनी विश्रांती घेतली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा यिनहुआ अवघा साडेतीन महिन्यांचा होता. पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या या पुत्राचेही १९६७ मध्ये अकाली निधन झाले. कुओ चिंगलान यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिकाही स्वतः केली. १९६२ च्या युद्धाने दोन्ही देशांतील संबंध दुरावले. तरीही कोटणीसांची स्मृती पुसली गेली नाही. शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी व पुतळा आहे. सोलापुरातील त्यांच्या वडिलोपार्जित घराचेही स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे.